लिपी ही तज्ज्ञांची मिरास नव्हे

मराठी मुलांना शाळेत मोडी लिपी शिकवावी, आणि नुसती अक्षरओळख करून देऊन न थांबता बोरू हाती देऊन कित्ता गिरवावयास लावावा व अखेरीस अस्सल जुना कागद वाचता येईल इतपत तयारी करून घ्यावी, ही सूचना नवी नाही. आणि तिच्यावर घेतले जाणारे आक्षेपही नवे नाहीत. मुलांच्या माथी आधीच तीन भाषांचे ओझे आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने तिच्या अभ्यासाने शुद्धलेखन बिघडेल. यंत्राच्या पडद्यावर बोटे चालविणाऱ्या पिढीला बोरूचा उपयोग उरलेला नाही. जुने कागद वाचण्यास इतिहाससंशोधक समर्थ आहेत आणि उद्या यंत्रेच ते वाचतील. आणि मोडी ही कारकुनांची व सावकारांची लिपी असल्याने बहुजनसमाजाने तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही, असे हे पाच आक्षेप होत. त्यांतील काही आक्षेप मुलांच्या हिताची कळकळ असलेल्या शिक्षकांनी व पालकांनी घेतलेले आहेत, म्हणून त्यांना विचारपूर्वक उत्तर देणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आमचे प्रतिपाद्य प्रारंभीच सांगतो. ज्या समाजाची मुले आपल्या पणजोबाचे हस्ताक्षर वाचू शकत नाहीत, त्या समाजाने आपल्या स्मृतीचे कुलमुखत्यारपत्र मूठभर माणसांच्या हाती दिलेले असते. आणि ते परत घ्यावयाचे तर लहान वयातील हस्ताभ्यासाला पर्याय नाही.

हा वाद आम्ही ठाण्याच्या टेंभी नाक्यावर उभे राहून मांडू इच्छितो. उभ्या महाराष्ट्राला हा नाका नवरात्रातील दुर्गेश्वरीच्या उत्सवामुळे आणि दहीहंडीमुळे ठाऊक आहे. परंतु लिपींचा विचार करणाऱ्यास तो आणखी एका कारणासाठी मोलाचा वाटतो. येथे ‘कोकण शत्रुंजय’ या नावाने ओळखले जाणारे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर आहे, आणि जैन समाज कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ग्रंथांचीच पूजा करतो. येथेच, शासकीय रुग्णालयाच्या परिसरात, बेने इस्रायली या यहुदी समाजाचे ‘शआर हशामयिम’ हे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे, आणि तेथील उपासना हिब्रू लिपीतील हस्तलिखित गुंडाळीवर आधारलेली आहे. थोडे पुढे गेले की आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात असलेला जुना किल्ला लागतो. त्या किल्ल्यात १७८७ मध्ये पाया खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, ताम्रपट सापडला. ज्या शहराच्या एका नाक्याभोवती इतक्या लिपींचा वावर आहे, त्या शहरातील मराठी मुलाला स्वतःच्या भाषेची जुनी लिपी मात्र परकी असावी, ही स्थिती स्वाभाविक मानावयास आम्ही तयार नाही.

पहिला आक्षेप ओझ्याचा. त्याचे उत्तर याच नाक्यावर मिळते. ठाण्यातील बेने इस्रायली मुलगा पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आला, शाळेत मराठी किंवा इंग्रजीतून शिकला, आणि त्यावर हिब्रूही शिकला. कारण यहुदी परंपरेप्रमाणे तेरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने समाजासमोर तोरा या धर्मग्रंथाचे वाचन करावयाचे असते. ही हिब्रू त्याच्या घरातील बोलण्याची भाषा नसते. तिची अक्षरे उजवीकडून डावीकडे चालतात. तिची वर्णमाला आपल्या ‘क, ख, ग’च्या मांडणीहून सर्वस्वी भिन्न आहे. इतके असूनही दहा-बारा वर्षांची मुले ती शिकत आली आणि तिने त्यांच्या इतर शिक्षणाची हानी केली असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मोडीची गोष्ट याहून कितीतरी सुलभ आहे. तिची भाषा मराठी, वर्णक्रम देवनागरीचाच, काना-मात्रांची कल्पना तीच; नवीन शिकावयाचे ते केवळ अक्षरांचे वळण आणि ती एकमेकांस जोडण्याची रीत. यास चौथ्या भाषेचे ओझे म्हणणे हा गणनेतील दोष आहे. आठवड्यास एक तासिका धरली तर वर्षाकाठी पस्तीस-चाळीस तासिका होतात, आणि त्या सुलेखन, चित्रकला व इतिहास या तीन विषयांना आज मिळणाऱ्या वेळातून सहज काढता येतात. कारण मोडीच्या तासाला हे तिन्ही विषय एकदमच शिकून होतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील साध्या खेडेगावच्या शाळांतून मोडीचे धडे होत होते, आणि ज्यांनी ते घेतले ती मुले शेतकऱ्यांची, दुकानदारांची व कारागिरांचीही होती. त्यांना जे झेपले ते आजच्या मुलांना झेपणार नाही, असे मानण्यात मुलांविषयी कळवळ्यापेक्षा अविश्वास अधिक आहे.

दुसरा आक्षेप शुद्धलेखनाचा. मोडीत इकार आणि उकार एकेकच लिहिले जातात, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली जात नाही, विरामचिन्हे नसतात. मग अशी लिपी शिकलेले मूल देवनागरीतही तसेच लिहू लागेल, अशी भीती व्यक्त होते. पुन्हा त्या प्रार्थनामंदिराकडेच पाहावे. तोराची जी गुंडाळी उपासनेत वाचली जाते ती चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने, हाताने लिहिलेली असते. तिच्यातील एखादे अक्षर गळले वा बिघडले तर दुरुस्तीपर्यंत ती वाचनास अयोग्य ठरते, इतका तिच्या लेखनाचा दंडक कडक आहे. आणि तरीही तिच्यात स्वरचिन्हे नसतात. व्यंजनांच्या सांगाड्यावरून शब्द ओळखून योग्य स्वरासह उच्चारावयाचा, ही विद्या तेरा वर्षांचा मुलगा आत्मसात करतो, आणि तोच मुलगा छापील प्रार्थनापुस्तक स्वरचिन्हांसह बिनचूक वाचतो. दोन लेखनपद्धतींचे दोन नियम असतात हे समजण्याइतकी मुलांची बुद्धी तरल असते. उलट ज्या वाचकाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद लिपी सांगत नाही, संदर्भ सांगतो, त्याला संदर्भाकडे लक्ष देण्याची सवय लागते; आणि ही सवय आजच्या उतावीळ वाचनाच्या काळात शुद्धलेखनाच्या नियमांइतकीच मोलाची आहे. मोडी वाचणाऱ्यास प्रत्येक ओळ अर्थासह वाचावीच लागते. अर्थ न लावता नुसती अक्षरे उच्चारून पुढे सरकण्याची सोय ती लिपी देत नाही.

तिसरा आक्षेप यंत्रयुगाचा, आणि तो सर्वांत प्रभावी भासतो. हाताने लिहिणेच लोपत चालले असता बोरूने लिहिणे शिकवावे कशाला, असे विचारणाऱ्यांनी चीनचा वृत्तान्त नीट अभ्यासावा असे आम्ही सुचवितो. कारण लिपीच्या प्रश्नावर इतका दीर्घ अनुभव अन्य कोणत्याही देशाच्या गाठी नाही.

अन्यांग येथील शांग राजवटीच्या राजधानीच्या जागी कासवांच्या कवचांवर व गुरांच्या खांद्यांच्या हाडांवर कोरलेले जे लेख सापडले ते सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचे आहेत. १८९९ च्या सुमारास विद्वानांचे लक्ष त्यांकडे गेले, तोवर ती हाडे औषध म्हणून विकली व कुटली जात होती. त्या लेखांतील सूर्य, चंद्र, पर्वत, वृक्ष यांची चिन्हे आणि आजच्या चिनी मुलाच्या वहीतील चिन्हे यांमधील नाते दाखवून दिले असता मुलाला ते दिसते. आणि ते दिसते याचे कारण मधल्या तीन सहस्र वर्षांत हातांची परंपरा तुटली नाही. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटाने देश एकछत्री केल्यावर लिपीचे एक प्रमाणरूप ठरविले गेले. त्यानंतर कचेऱ्यांतील कारकुनांनी वेगाने लिहिण्याच्या गरजेतून नवे वळण रूढ केले. त्यातून पुढे आजचे नियमित वळण आले. आणि इसवी सन ३५३ मध्ये वांग शीजी याने एका काव्यसंमेलनाची प्रस्तावना लिहिली ती सुलेखनाचा आदर्श म्हणून आजतागायत गिरवली जाते. मुलाला आरंभी ‘चिरंतन’ या अर्थाचे एक अक्षर देतात, कारण त्या एकाच अक्षरात लेखनाचे आठही मूलभूत फटकारे सामावलेले असतात. ते आठ हातात बसले की पुढची सहस्रावधी अक्षरे त्यांच्याच संयोगाने लिहिता येतात. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याची शिळा या चार वस्तूंना तेथे अभ्यासिकेची चार रत्ने मानतात, आणि त्यांची निगा राखणे हा शिक्षणाचाच भाग असतो.

आता या देशावर यंत्रयुगाचा परिणाम काय झाला तो पाहा. १९५६ मध्ये चीनने साक्षरतेच्या प्रसारासाठी अक्षरांची सुलभ रूपे स्वीकारली. पुढे संगणक आले, दूरध्वनीवर उच्चार टंकून अक्षर निवडण्याची सोय झाली, आणि सुशिक्षित तरुणांना लेखणी हाती घेताच अक्षर आठवेनासे झाले. डोळा ओळखतो पण हात लिहू शकत नाही, अशी ही अवस्था होती. यावर चीनने ‘यंत्र आले, आता हाताची विद्या सोडा’ असा निष्कर्ष काढला नाही. २०१३ च्या आरंभी तेथील शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक व माध्यमिक शाळांसाठी सुलेखनशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि तिसरी ते सहावीच्या वर्गांना आठवड्यास एक तासिका कुंचल्याच्या लेखनासाठी नेमून दिली. यंत्रविद्येत जगात अग्रेसर असलेल्या जपाननेही तिसऱ्या इयत्तेपासून कुंचल्याचे लेखन शिकविण्याचा परिपाठ सोडलेला नाही. त्यासाठी वर्षाला सुमारे तीस तासिका राखून ठेवलेल्या असतात. ज्या राष्ट्रांनी आपल्याला हे यंत्रयुग विकले त्यांनी आपल्या मुलांच्या हातातून कुंचला काढून घेतला नाही, तर आपण बोरू काढून घेण्याची घाई का करावी?

हस्ताभ्यासाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो मोडीच्या संदर्भात निर्णायक आहे. मोडी लिहिताना आधी पानभर ओळीची शिरोरेषा आखून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे, शक्यतो लेखणी न उचलता, एकामागून एक गुंफत जातात. या वेगवान गुंफणीत अक्षरांचे रूप शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलते. काना एकीकडे खालून वर चढतो, दुसरीकडे वरून खाली उतरतो. जोडाक्षरे अशी संकोचतात की नवख्यास ती एकाक्षरी वाटावीत. ज्याने ही लिपी केवळ तक्त्यावरून पाठ केली आहे तो तक्त्यातील अक्षर ओळखतो, पण घाईत लिहिलेल्या पत्रापुढे थबकतो. ज्याने ती स्वतः लिहिली आहे त्याला लेखणी कोठून आली व कोठे वळली असेल याचा अंदाज हातालाच येतो, आणि पुसट रेषेवरूनही तो अक्षर सावरून घेतो. म्हणूनच जुन्या पंतोजींनी वाचनाआधी धूळपाटी व कित्ता ठेवला होता. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हस्ताक्षराचे वाचन लिहिल्यावाचून येत नाही.

चौथा आक्षेप असा की जुने कागद वाचण्यास तज्ज्ञ आहेत. तज्ज्ञांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादित केले; हे कार्य कोणत्याही समाजाने कृतज्ञतेने शिरावर धरावे असे आहे. परंतु हे पंचेचाळीस भाग त्या अफाट दफ्तरातील एक अंशमात्र आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेल्या कागदांची संख्या एवढी प्रचंड आहे की मूठभर वाचकांच्या आयुष्यांत ती संपणे शक्य नाही. शिवाय तज्ज्ञ वाचतो ते राज्याच्या इतिहासाचे कागद. गावच्या पाणवठ्याचा तंटा, एखाद्या घराण्याची वाटणीची फारखती, विहिरीच्या हिश्शाची कबुलायत, देवस्थानाच्या इनामाची सनद, चार पंचांच्या निशाण्या असलेला महजर, हे कागद ज्या घरांत आहेत त्या घरांतील कोणीतरी वाचल्यावाचून ते वाचले जाणार नाहीत. आणि वाचता येत नाहीत म्हणूनच ते वाळवीच्या किंवा रद्दीच्या स्वाधीन होतात.

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने अगदी अलीकडे मोजली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि आरक्षणाच्या दाव्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, म्हणजे ज्यांस कोतवाल बुके म्हणतात त्या, शाळांची जुनी रजिस्टरे आणि महसुली अभिलेख काढले गेले. त्यांतील मोठा भाग मोडीत होता, आणि तो वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून शोधावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एवढे तर निर्विवाद आहे की ज्या नोंदीवर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून होते ती नोंद त्या कुटुंबातील पदवीधरालाही वाचता येत नव्हती. स्वतःच्या आजोबांच्या जन्माची ओळ समोर असून ती खरी की खोटी हे परक्याच्या तोंडून ऐकावे लागणे, हे निरक्षरतेचेच एक रूप आहे, मग माणसाजवळ किती का पदव्या असेनात.

ठाण्याच्या ताम्रपटाचेही असेच झाले होते. हा ताम्रपट सापडला या शहरात, पण त्याचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध झाले ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात. महानुभावांचे प्राचीन मराठी वाङ्मय सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असल्याने शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला बंद होते. राजवाड्यांनी त्यांतील एका लिपीची उकल केली आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी त्यातील काही काव्ये प्रकाशात आणली, तेव्हा कोठे मराठीच्या पूर्वपीठिकेची खरी कल्पना आली. हे भावे ठाण्याचे, आणि १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन करणाऱ्यांत ते अग्रणी होते. ग्रंथ सर्वांस मोकळा असावा या श्रद्धेने ज्या शहरात ही संस्था जन्मास आली, त्या शहराने लिपी मात्र थोडक्यांपुरती राहू द्यावी, यात विसंगती आहे.

तुर्कस्तानचा अनुभवही येथे स्मरणीय आहे. १९२८ मध्ये त्या देशाने अरबी वळणाची लिपी सोडून रोमन वळणाची लिपी स्वीकारली. साक्षरतेच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु एका पिढीनंतर नातवाला आजोबाची पत्रे आणि गावच्या जुन्या थडग्यांवरील नावे वाचता येईनाशी झाली, आणि आता तेथील शाळांतून जुनी उस्मानी तुर्की ऐच्छिक विषय म्हणून शिकवावी लागत आहे. आपणही छपाईच्या सोयीसाठी देवनागरी स्वीकारली, आणि ते योग्यच झाले. सेरामपूरच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीचे खिळे पाडून पुस्तके छापली होती खरी, परंतु एकमेकांत गुंतणाऱ्या त्या अक्षरांना खिळ्यांची चौकट मानवली नाही. मात्र छापण्यासाठी दुसरी लिपी घेणे आणि पहिली वाचण्याची शक्ती गमावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गरज होती. दुसरी केवळ हयगय होती.

यंत्रेच उद्या वाचतील, या म्हणण्यास थोडक्यात उत्तर देतो. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, आणि मोडी वाचणारी यंत्रे घडविण्याचे प्रयत्न व्हावेत अशी आमचीही इच्छा आहे. परंतु यंत्राला हस्ताक्षर शिकवावयाचे तर आधी माणसांनी सहस्रावधी पाने अचूक वाचून त्याच्यापुढे ठेवावी लागतात, आणि त्याने वाचले ते बरोबर की चूक हे ठरवावयास पुन्हा माणूसच लागतो. ज्या भाषेत असे वाचक थोडे, तिचे यंत्रही अर्धशिक्षित राहणार. जमिनीच्या दाव्यात ‘यंत्राने असे वाचले’ हा पुरावा न्यायासनापुढे ठेवला गेला, तर ते वाचन तपासण्यास समर्थ असा एक तरी वकील, एक तरी पक्षकार असला पाहिजे की नको?

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला उत्तर देताना आम्ही आवाज खाली आणतो, कारण त्याच्या मुळाशी खरे दुःख आहे. मोडी ही फडावरच्या कारकुनाची, कुलकर्ण्याची आणि सावकाराची लिपी होती; ज्याला ती येत नव्हती तो तिच्याखाली चिरडला गेला. हे सत्य आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत उठाव पसरला, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून जाळणे हाच त्यांचा हेतू होता. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे ज्याला कळत नाही, त्याला कागद हा शत्रूच वाटणार. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावोगाव निबंधक नेमून शेतकऱ्याचे दस्तऐवज त्यांच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी तरतूद केली, ती याच अनुभवातून. हा इतिहास विसरून मोडीचे गोडवे गाणाऱ्यांत आमची गणना करू नये.

परंतु या इतिहासातून निघणारा निष्कर्ष कोणता? शस्त्र एका वर्गाच्या हाती होते म्हणून अन्याय झाला, तर ते शस्त्र सर्वांच्या हाती देणे हा उपाय; ते पुन्हा त्याच किंवा दुसऱ्या मूठभरांच्या हाती राहू देणे हा उपाय नव्हे. आज मोडी शाळेत नाही म्हणून ती नाहीशी झालेली नाही. जमिनीच्या, वतनाच्या व जातीच्या जुन्या नोंदींत ती जिवंत आहे, आणि ज्यांना ती येते त्यांच्याकडेच रयतेच्या मुलाने मोबदला देऊन जावयाचे, ही १८७५ ची स्थितीच वेगळ्या वेषात चालू आहे. महारवतनाची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोळ्याचा मासेमारीचा हक्क कोणत्या सालच्या कागदात मान्य झाला, आगऱ्याच्या शिलोत्रीचा सारा किती होता, हे प्रश्न ज्यांच्या जिव्हाळ्याचे आहेत त्यांच्याच मुलांना ही लिपी सर्वांआधी आली पाहिजे. लेखन ही मूठभरांची मालमत्ता आहे असे या भूमीने नेहमीच मानले असेही नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील जे दानलेख आहेत त्यांत कल्याणच्या सोनाराने आणि लोहाराने दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. अठराशे वर्षांपूर्वी कल्याणचा लोहार आपले नाव कातळावर कोरून ठेववीत होता. आजच्या कल्याण-डोंबिवलीतील कारागिराच्या मुलाला शंभर वर्षांपूर्वीचे आपल्या घरचे नाव वाचता येऊ नये, ही अधोगती आहे, आणि तिला सामाजिक न्यायाचे नाव देता येणार नाही.

आता दोन शब्द मित्रांशी. काही हितचिंतक म्हणतात की मोडी अभ्यासक्रमात नको, पण मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने एखादी कार्यशाळा घ्यावी, मुलांकडून आपापले नाव मोडीत लिहून घ्यावे, त्यांची चित्रे भिंतीवर लावावीत, म्हणजे गोडी लागेल. या सूचनेमागील सद्भाव आम्हांस मान्य आहे, सूचना मान्य नाही. स्वतःचे नाव मोडीत लिहिणारे मूल मोडी शिकलेले नसते. त्याने एक आकृती उतरविलेली असते, आणि ‘आपल्याला मोडी येते’ या समजुतीने त्याची खरी जिज्ञासा तेथेच शमते. चिनी अक्षरे परदेशी मुलांना दाखवितानाही हाच प्रमाद घडतो. पर्वताचे चिन्ह पर्वतासारखे दिसते एवढे सांगून टाळ्या घेतल्या जातात, आणि बहुसंख्य चिनी अक्षरे अर्थ व ध्वनी यांच्या संयोगाने बनली आहेत, त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे हाताने करावा लागतो, हे सांगावयाचे राहून जाते. मुलांना सोपे दिले तरच ती रमतात हा मोठ्यांचा भ्रम आहे. गूढ उकलण्यात मुलांना जो आनंद होतो तो उकललेले हाती देऊन होत नाही. आणि शिरोरेषेखाली गुंफलेल्या अनोळखी ओळीतून ‘राजमान्य राजश्री’ ही अक्षरे एकाएकी उमटू लागतात तो क्षण कोणत्याही भित्तिचित्रापेक्षा मुलाला अधिक दूर घेऊन जातो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली या महानगरपालिकांनी आपल्या मराठी शाळांत पाचवीपासून आठवड्यास मोडीची एक तासिका ठेवावी. पहिल्या वर्षी बोरू, शाई व कित्ता. शिरोरेषा आखणे, वळणे घटवणे, बाराखडी. दुसऱ्या वर्षी पेशवेकालीन स्वच्छ वळणाचे उतारे, जोडाक्षरे, संक्षेप आणि आणे-पैची चिन्हे. तिसऱ्या वर्षी अस्सल कागदांच्या छायाप्रती. शुहूर सनाची अरबी संख्यानामे, पत्राचा मायना, ‘मोर्तब सुद’पर्यंतची त्याची रचना, आणि अखेरीस प्रत्येक मुलाने आपल्या तालुक्यातील एक जुनी नोंद स्वतः वाचून देवनागरीत उतरविणे. शिक्षक नाहीत ही सबब चालणार नाही. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते, आणि त्यांतून तयार झालेल्या माणसांना मानधनावर शाळांशी जोडता येईल. कागद नाहीत असेही म्हणता येणार नाही. तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत ते पडून आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने निधी येईल, समारंभ होतील, ग्रंथ निघतील. त्या निधीतील पहिला रुपया मुलांच्या हातातील बोरूवर खर्च व्हावा. भाषा अभिजात ठरली ती तिच्या जुन्या लेखांच्या बळावर. ते लेख वाचणारी पिढी घडविण्याचे टाळून तो दर्जा मिरविणे हा त्या लेखांचाच अवमान होईल. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा निदान एका वर्गापासून हा आरंभ व्हावा, आणि तो न करणाऱ्या अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस प्रत्येक पालकाने त्याचे कारण लेखी विचारावे.